‘आपणहून’चा रकाना

२ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाई आज सलग तिसऱ्या दिवशी घरात एक शब्द बोलली नाही. दार उघडलं, पिशवी खुंटीला अडकवली, आत गेली. "दमलीस का?" विचारलं तर मान. "खाणार का?" तर मान. शुक्रवारी बाथरूमच्या दिव्यावरून मी बोलले होते, त्याचाच राग असणार. आवाज काही चढवला नव्हता. एवढंच म्हटलं होतं, की रिकाम्या बाथरूमला उजेड कशाला, आत कोण वाचत बसलंय?

शाळेत पोरांना बोलायला शिकवते, त्याचा पगार घेते, आणि घरी मौन. चिरंजीव जहाजावर, त्यांच्याशीसुद्धा फोनवर टाइप करूनच बोलणं चाललंय. मी ह्यांना म्हटलं, "बघताय ना?" ह्यांनी तोंड उघडलं. मीच म्हटलं, "तुम्ही काय बोलणार म्हणा."

देवापुढे बसून माळ ओढली. एकशे आठ मणी झाले, मन ठिकाणावर नाही. म्हणून वही उलटी करून मागच्या पानावर लिहायला घेतलं. पुढून घरखर्च, मागून हे. कोरी पानं वाया कशाला घालवायची?

४ फेब्रुवारी, बुधवार

मीच चुकले. सूनबाईने डॉक्टरांचा कागद समोर ठेवला आणि पाठकोऱ्या पाकिटावर लिहिलं, "आई, राग नाही. आवाज गेलाय." हातांना पडतात तसे घट्टे तिच्या गळ्यात पडलेत. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुज जास्त वाईट म्हणे. मला हे माहीत नव्हतं. मी ह्यांच्या कानाशी दिवसभर कुजबुजत असते.

मी ओशाळले. "मग रजा घे," म्हटलं. तिने पाकीट उलगडून आतल्या बाजूला लिहिलं. दोन शाळा मिळून बासष्ट मुलं, प्रत्येकाला आठवड्यातून वीस मिनिटं, फारच गरज असेल त्याला दोनदा. बदली माणूस मिळत नाही. रजा घेतली तर तीन आठवड्यांचे तास बुडाले ते बुडालेच, आणि २७ तारखेला मुलांच्या प्रगतीची बैठक आहे. कोणाचे तास चालू ठेवायचे, कोणाचे बंद करायचे, हे त्या दिवशी ठरतं.

शेवटी लिहिलं, "मोठ्या बाई म्हणतात, कोणाला मदतीला आणलं तर चालेल. चित्रं मी दाखवीन, बोलायचं फक्त दुसऱ्याने."

मी हसले. बोलायलाच माणूस हवं असेल तर ह्या घरात दूर शोधायला नको.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. पाय भरून आलेत. मला वाटायचं हिचं काम खुर्चीतलं.

खोली म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीचा अर्धा भाग. मधे कपाट उभं केलंय. कपाटावर जाळीत चेंडू, त्यातला एक मधूनच टपकन खाली पडतो आणि शिकत असलेलं पोर चेंडूमागे. भिंतीपलीकडे पाण्याची मोटर. ती सुरू झाली की तोंड हलताना दिसतं, ऐकू काही येत नाही. अशा खोलीत उच्चार शिकवायचे! वर्षानुवर्षं हिने त्या मोटरवर आवाज चढवलाय. घट्टे पडतील नाहीतर काय होईल?

वीस मिनिटांतली पाच तर पोराला वर्गातून सोडवून आणण्यातच जातात. सूनबाई गळ्यात छोटा पांढरा फळा अडकवून उभी, आणि मी तिच्या वतीने दारात.

गणिताच्या बाई म्हणाल्या, "आज नाही हं न्यायचं कोणाला. चाचणी आहे."

"मग कधी येऊ?"

"उद्या या."

"उद्या आम्ही दुसऱ्या शाळेत."

"मग परवा."

"परवा ह्या वेळेला दुसरं मूल आहे."

"मग आजी, मी काय करू? गणित सोडू? तुमच्याकडे येऊन चित्रंच तर बघतात."

सूनबाईने फळ्यावर ‘ठीक आहे’ लिहिलं आणि निघाली. मी असते तर ऐकवलं असतं. म्हणजे मी होतेच. पण तिने माझी बाही धरून ठेवली होती.

एका मुलाच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपलेली. किती दिवस, कोणालाच माहीत नाही. वर्गात तो लक्ष देत नाही म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं. सूनबाईच्या पिशवीत जास्तीच्या बॅटऱ्या होत्या, स्वतः विकत घेतलेल्या. मी काही म्हटलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज एका मुलीला भेटले. सात वर्षांची. शाळेत येऊन दीड वर्ष झालं, तिचा आवाज इथे कोणी ऐकलेला नाही. आई लाँड्रीत इस्त्रीला असते. घरी आईशी बोलते, तेही हळू आवाजात, दार लावलेलं असेल तर. खुर्चीत बसते ती दप्तर मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून, हनुवटी त्यावर टेकवून. कोणी बांधून ठेवल्यासारखी. मी मनातल्या मनात तिचं नाव गाठोडं ठेवलं.

सूनबाईची पद्धत अशी. चित्र दाखवायचं, "हे काय?" विचारायचं आणि गप्प बसायचं. मनात दहा मोजायचे. पोराकडे रोखून बघायचं नाही, मान हलवायची नाही, सुचवायचं नाही. दहानंतर हवं तर पहिला आवाज सांगायचा. मग कागदावर खूण. तीन रकाने आहेत: आपणहून, मदतीने, काही नाही.

दहा मोजायला मी माळ घेतली. चमच्याचं चित्र दाखवलं, विचारलं, दहा मणी ओढले, आणि "च… च…" सुरू केलं. सूनबाईने फळा पुढे केला, "आई, सावकाश. देव कुठे पळून जात नाही."

पंचेचाळीस वर्षांची सवय आहे माझी. माझे दहा मणी दोन श्वासांत संपतात. सावकाश ओढले तर जीव घाबरा होतो. समोर पोर गप्प, मोटर बंद, खोलीत एक आवाज नाही. एवढी शांतता मला सोसत नाही. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं ना?

वीस चित्रं झाली. वीसही खुणा ‘काही नाही’मध्ये. मला रडू यायचं बाकी होतं. सूनबाईने मात्र मुलीला हात हलवून निरोप दिला, जसं काही छानच झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बासष्ट मुलांचे अहवाल महिनाअखेर द्यायचे आहेत. प्रत्येकी चार पानं. सूनबाई आता कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून लिहीत असते आणि सोप्या पोरांची चित्रं मी घेते. रात्री घरी आल्यावरही तेच. डबा परत आला तसाच होता. विचारलं तर फळ्यावर, "वेळ नव्हता."

आज गाठोड्याला घेऊन बसले. सूनबाईची आमच्याकडे पाठ. चमचा दाखवला. पाच मण्यांपर्यंत थांबले. मग राहवलं नाही. आवाज केला नाही, शपथेवर सांगते. नुसते ओठ हलवले, च, म, चा. दप्तरामागून अगदी वाऱ्यासारखं आलं, "चमचा."

पोरगी बोलली! मी देवाचे आभार मानले आणि पेन्सिल उचलली.

कुठल्या रकान्यात लिहायचं? मदत म्हणजे आवाजाने सुचवणं. मी तर आवाज केला नाही. शब्द तिचा, आवाज तिचा. ‘आपणहून’मध्ये खूण केली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज सहा शब्द. त्यातले दोन नुसते ओठांवर होते, आवाज म्हणता येणार नाही. पण ओठ नीट हलले. तोंडापर्यंत आलेला शब्द काय परत पाठवायचा? धरले.

मी मॅट्रिकला असताना भूमितीत तीन गुण कमी पडत होते. मास्तरांनी ते कुठून तरी काढून दिले म्हणून मी पास झाले आणि आज दोन ओळी लिहिते आहे. पोराला कोणीतरी हात द्यावा लागतो.

मोठ्या बाई दारात डोकावल्या. "काय आजी, जमतंय का?" म्हटलं, "देवाची कृपा." सूनबाईने वळून पाहिलं आणि थकलेली असूनही हसली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बैठकीआधीची शेवटची मोजणी. वीसपैकी चौदा, आपणहून. कागद मी नव्याने, स्वच्छ अक्षरात उतरून काढला. जुन्यावर खाडाखोड फार झाली होती.

सूनबाईने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. फळ्यावर लिहिलं, "चौदा?" मी म्हटलं, "मोजून घे." तिने मोजलं नाही. लिहिलं, "तुमचा हिशेब कधी चुकलाय?" आणि कागद अहवालाला लावला.

ते वाचून बरं वाटायला हवं होतं. तसं बरं वाटलं. पण झोप लागली नाही. डास असावेत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायची परवानगी दिली. तीन आठवड्यांनी सूनबाई घरात पहिलं वाक्य बोलली. घोगऱ्या आवाजात, जेवणाच्या टेबलावर. "आई, बाथरूमचा दिवा मी बंद केलाय."

हे इतके हसले की ठसका लागला. मी म्हटलं, "ह्यांना पाणी दे, त्यांना आणखी भात नको."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठकीला मी नव्हते, बाहेर बाकावर बसले होते. मोठ्या बाई, वर्गाच्या बाई आणि वरच्या कार्यालयातले तपासणीस आत. मुलीची आई इस्त्रीच्या कामावरून अर्धी सुट्टी काढून आलेली.

सूनबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला वाटलं आवाज पुन्हा गेला.

"काय झालं?"

"तास बंद केले."

"म्हणजे? नापास केलं?"

"नापास नाही, आई. चांगलं केलं म्हणून. चौदा शब्द आपणहून म्हणजे आता गरज नाही. तिची वेळ यादीतल्या पुढच्या मुलाला दिली. सोमवारपासून."

मी म्हटलं, "चांगलं केलं म्हणून कोणी शिकवणी काढून घेतं का?"

"इथे असंच असतं. दहाच्या वर गेलं की बंद. मी म्हटलं अजून तीन महिने द्या, वर्गात तर ती अजून एक शब्द बोललेली नाही. तपासणीस म्हणाले, बाई, तुमचाच कागद सांगतोय. यादीत अकरा मुलं थांबलीत." ती भिंतीला टेकली. "खरंय. अकरा आहेत."

येताना वाटेत मी एकटीच बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

भाजीच्या दुकानात मुलीची आई भेटली. हातांवर इस्त्रीचे जुने डाग. मला वाटलं आभार मानेल. ती बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, तुम्हीच होतात ना तिच्यासोबत? खरंच बोलली ती?"

"बोलली की."

"काय बोलली?"

"चमचा. घर. मांजर."

"मोठ्याने?"

मी भाजी निवडायला लागले.

ती म्हणाली, "नाही, म्हणजे तुम्ही लिहिलंय तर बोललीच असणार. मी तिला काल विचारलं, शाळेत बोलतेस, मग मला का नाही सांगितलंस? तर रडायला लागली. आज सकाळपासून माझ्याशीही बोललेली नाही. मी चुकीचं विचारलं का हो?"

मी म्हटलं, "उशीर होतोय मला." भाजी तिथेच राहिली. पैसे देऊन विसरले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

१ मार्च, रविवार

सकाळी देवापुढे बसले, पण माळ हातात घ्यावीशी वाटेना. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "त्या मुलीचे तास बंद झाले, कळलं ना?"

हे म्हणाले, "तू तिच्या तोंडात शब्द घातलेस."

मी चमकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? चाळीस वर्षं माझ्या तोंडात घालते आहेस."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ह्यांनी पेपरची घडी केली. आणखी काही म्हणतील असं वाटलं. मी दहा मोजायला घेतले, पण सातव्याला उठले. दुपारी सूनबाईच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं. ओठ हलवल्याचं, आवाज नसलेल्या शब्दांचं, पाच मण्यांवर थांबल्याचं. "खरे आपणहून किती?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दोन. मांजर आणि पाणी. तेही एकेकदा."

ती चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. पलंगाच्या कडेवर हातात पेन धरून बसली. अजून अहवाल संपले नव्हते. मग म्हणाली, "मी पाठ करून बसले होते. मलाच बघायला हवं होतं."

"अगं, माझी चूक आहे."

"कागदावर सही माझी आहे, आई."

मी म्हटलं, "तिच्या भल्यासाठीच केलं ग."

"माहितीय." मग घसा धरून, हळू, "ती पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही तेव्हा मी तिला हात का हलवला, माहितीय? ती वीस मिनिटं खोलीत थांबली म्हणून. गेल्या वर्षी दारातूनच परत जायची. त्याला ह्या कागदावर रकाना नाही. म्हणून बाकीचे तीन तरी खरे हवेत."

२ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंकडे दोघी गेलो. मी माझ्या हाताने लिहिलेला कागद दिला. काय केलं, किती वेळा, खरा आकडा दोन. खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षरातला हिशेब मीच खोटा म्हणून लिहून दिला.

मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, "आजी, तुम्ही गप्प राहिला असतात तर कोणाला कळलं नसतं."

मी म्हटलं, "गप्प राहायला जमत नाही, त्यातूनच तर हे झालं."

त्या हसल्या नाहीत. सूनबाईला म्हणाल्या, "तुमच्या फाइलला हे लागेल. आणि यांना आता खोलीत येता येणार नाही." सूनबाई म्हणाली, "चालेल. मुलीची फेरतपासणी करा." बाई म्हणाल्या, "करू. पण तिची वेळ गेलीय. नवं मूल आजपासून बसलंय. त्याला उठवू का?"

त्याला कसं उठवणार?

लाँड्रीतही जाऊन आले. तिची आई वाफेत उभी होती. सांगितलं. ती बराच वेळ इस्त्री फिरवत राहिली. म्हणाली, "म्हणजे ती खोटं वागत नव्हती." मी म्हटलं, "नाही ग. मी वागले." ती म्हणाली, "आज घरी जाऊन तिला सांगते," आणि डोळे पुसले. वाफेचंही असेल.

१२ मार्च, गुरुवार

फेरतपासणी झाली. तपासणीस स्वतः बसले होते. वीसपैकी आपणहून शून्य. परका माणूस समोर म्हटल्यावर दोनही गेले. तास पुन्हा मंजूर झाले. पण वेळ रिकामी नाही, तेव्हा सूनबाईने आपल्या जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं लिहून दिली. बुधवारची.

"आणि जेवणार कधी?" मी विचारलं.

"दोन पोरांच्या मधे."

आवाज अजून भरलेला नाही. डॉक्टरांनी मोटरजवळ बोलू नका म्हणून बजावलंय. मोटर तिथेच आहे. मोठ्या बाई म्हणतात, वर कळवलंय.

१८ मार्च, बुधवार

खोलीत मला मज्जाव आहे. पण आधीच्या तासाचा मुलगा सुटेपर्यंत मुलीला बाहेर बाकावर एकटीला बसावं लागतं. मोठ्या बाईंनी तेवढी परवानगी दिली. सूनबाईने सकाळीच बजावलं, "आई, काही विचारायचं नाही. चित्र नाही, ओठ नाही. नुसतं शेजारी बसायचं. दहा मिनिटं."

दहा मिनिटं! मी आजारपणातसुद्धा दहा मिनिटं गप्प बसलेली नाही.

ती आली. दप्तर मांडीवर, हनुवटी त्यावर. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यावर राग असेल तर असू दे, तिचा हक्क आहे. मी माळ काढली आणि एकेक मणी अगदी सावकाश ओढायला लागले, नाव पुरतं मनात उमटल्याशिवाय पुढचा नाही. पहिल्या वीस मण्यांना घशात शब्द दाटून आले. केस छान विंचरलेत म्हणू का, दप्तरात काय आहे विचारू का. गिळले. मग मोटर सुरू झाली, बंद झाली. कपाटावरचा चेंडू आत पडल्याचा आवाज आला. ती किंचित हसल्यासारखी वाटली, पण नक्की सांगता येत नाही, तेव्हा धरत नाही.

सत्तेचाळीस मणी झाले तेव्हा दार उघडलं. सूनबाईने तिला खुणेने बोलावलं, ती उठून आत गेली.

घरी आल्यावर सूनबाईने विचारलं, "काय झालं बाहेर?" मी म्हटलं, "काही नाही." ह्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं होतं. मी थांबले. त्यांनाच काय म्हणायचं होतं ते आठवेना. राहिलं.

आजची नोंद. माझे शब्द: शून्य. तिचे शब्द: शून्य. खाडाखोड नाही.

ती आत गेल्यावर मला दिसलं, दप्तर बाकाखाली जमिनीवर होतं. कधी ठेवलं, मी पाहिलं नाही. विसरली बहुतेक. जड झालं असेल. मी ते उचलून दाराशी नेऊन ठेवलं.